आधी पाय, मग हात

बुलढाणा जिल्ह्यात हँडबॉलकडे वळणारी बरीच मुले कबड्डी खेळून आलेली असतात. खामगाव असो, मेहकर असो की देऊळगाव राजा, ही शिदोरी मोठी आहे. कमरेत वाकून उभे राहणे, समोरच्याच्या पायांवर नजर ठेवणे, पायात पाय न अडकवता आडवे सरकणे, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. अडचण हातांची आहे. कबड्डीत पकड हाच बचाव, आणि हँडबॉलमध्ये तीच पकड गुन्हा. कोपरात वाकलेले हात समोरच्याच्या अंगाला लावून त्याच्यासोबत सरकायला नियमांची परवानगी आहे. धरणे, ओढणे, ढकलणे याला नाही. त्याची शिक्षा चढत जाते: पिवळे कार्ड, मग दोन मिनिटे बाहेर, आणि एकाच खेळाडूला असे तिसऱ्यांदा झाले की लाल कार्ड. त्या दोन मिनिटांत 20 मीटर रुंदीचे मैदान सहांऐवजी पाचांनी राखायचे असते. म्हणून एकास एक बचावाच्या सरावात हात सगळ्यात शेवटी यावेत, असे माझे ठाम मत आहे.

सराव मांडायला चुन्याच्या दोन रेषा पुरतात. सहा मीटरच्या रेषेपासून बाहेर साधारण तीन मीटर रुंदीची पट्टी आखावी. चेंडूवाला नऊ मीटरच्या बाहेरून येईल, बचाव करणारा हात पाठीशी बांधून फक्त पायांनी त्याची वाट अडवेल. पट्टी याहून रुंद केली तर चेंडूवाला दर वेळी जिंकतो आणि मूल नुसते हरायला शिकते. इथे मुलाच्या ध्यानात येते ते अंतर. रेषेला चिकटून थांबलेला बचावपटू उशीर करतो. एक-दोन पावले पुढे जाऊन भिडणारा समोरच्याची धाव मोडतो. चेंडू हातात घेऊन तीनच पावले टाकता येतात, त्यातले एक हुलकावणीत खर्च होते. त्या पावलाला चेंडूकडे पाहणारा फसतो, कंबर पाहणारा सहसा फसत नाही. मग पुढचा टप्पा: उजव्या हाताने फेकणारा समोर असेल तर बचाव करणाऱ्याचा डावा पाय पुढे, म्हणजे फेकीची बाजू बंद होते आणि त्याला कमजोर बाजूकडे वळावे लागते. हे जमले की मगच हात सोडावेत, एक फेकीच्या हातावर आणि दुसरा विरुद्ध बाजूच्या कमरेवर. तोवर छाती समोर आलेली असते, त्यामुळे बोटांना टी-शर्ट पकडण्याची गरजच उरत नाही.

यावर काही प्रशिक्षकांचा आक्षेप असा की हात बांधून कोणी सामना खेळत नाही, अंगाचा तोल त्याने वेगळाच बसतो. हे खरे आहे, म्हणून हा टप्पा सरावाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांपुरताच असावा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बचाव सहाही जणांचा असतो, शेजारी मदतीला असतोच, मग एकट्याची एवढी तालीम कशाला? पण शेजारी मदतीला सरकला की त्याची जागा उघडी पडते, आणि चांगला संघ चेंडू नेमका तिथेच देतो. शिवाय संथ खेळाबद्दल पंचांनी हात वर करून इशारा दिला की आक्रमकांना आता चारच पास मिळतात. 2022 पूर्वी सहा मिळत. मध्ये फ्री थ्रो मिळाला तरी ही मोजणी नव्याने सुरू होत नाही. म्हणजे एकट्याने नियमात राहून अडवलेली प्रत्येक चाल आक्रमणाला संपण्याच्या जवळ नेते. तिथे गळा किंवा हात धरला, तर दोन मिनिटे आपलीच जातात, आणि गोलची स्पष्ट संधी हिरावली असेल तर सात मीटरचा थ्रोही पदरात पडतो.

राहिला मैदानाचा प्रश्न. शालेय स्पर्धांची तयारी पावसाळ्यात येते, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीत पाय रोवून थांबता येत नाही. अशा दिवशी सराव सोडू नये, वेग सोडावा. चेंडूवाल्याने चालत यावे, बचाव करणाऱ्याने छोटी पावले टाकावीत. कोणता पाय पुढे, अंतर किती आणि नजर कुठे, हे चालतानाही तितकेच पक्के होते. धाव आणि धक्का जमीन वाळल्यावर.