रमेचे मन रमेना

नाटकाच्या पुस्तकात कंसात ‘रागाने’ असे छापलेले असते. नट राग दाखवतो; तो शब्द काही उच्चारत नाही. संगणकावरच्या पुस्तकाचेही तसेच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी रचलेली एचटीएमएल ही खुणांची भाषा १९९१ साली जगापुढे आली. तीत कोनी कंसांच्या आत सूचना असतात : येथे परिच्छेद सुरू, येथे अक्षर ठळक. त्यांना टॅग म्हणतात. कंसांबाहेरचा मजकूर तेवढा वाचकाचा. ई-पुस्तक म्हणजे बहुधा अशाच फाइलींचे एक गाठोडे.

माझ्या एका कादंबरीचे असे गाठोडे तयार झाले होते आणि मला नायिकेचे नाव बदलायचे होते. कादंबरीतली रमा ऐन तारुण्यात विधवा होते. पुस्तक छापून आल्यावर काही वर्षांनी त्याच नावाच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीवर तोच प्रसंग ओढवला. ती मला काही बोलली नाही. पण नव्या आवृत्तीत ते नाव माझ्याने ठेववेना. रमेची उमा करायचे ठरले.

भाचा म्हणाला, “मामा, सेडला एक ओळ लिहून द्या, क्षणाचे काम!” सेड हा ली मॅकमहॉन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७३-७४ मध्ये घडवलेला आज्ञाधारक गडी. काळ्या खिडकीत लिहायचे : हे शोध, त्या जागी ते ठेव. तो ओळीमागून ओळ वाचतो आणि सांगितले तेवढेच करतो. त्याला अक्षरे दिसतात, अर्थ दिसत नाही.

म्हणून आधी ग्रेपला पाचारण केले. केन टॉम्प्सन यांचा हा गडी बदलत काहीच नाही. अक्षरे जिथे सापडतील त्या ओळी नुसत्या दाखवतो. ‘रमा’ म्हणताच ‘परमार्थ’ आला, ‘प्रमाण’ आले, सोलापूर जिल्ह्यातले करमाळा आले. ‘रमेला’, ‘रमेने’ यांच्यासाठी ‘रमे’ म्हटले, तर साक्षात परमेश्वर उभा! त्याचा ‘पउमेश्वर’ व्हायला एक ओळ पुरे होती.

टॅगच्या आतला धोका निराळाच. एका प्रकरणाच्या फाइलीचे नावच ‘रमा’, आणि अनुक्रमणिकेतला दुवा तिला त्याच नावाने हाक मारतो. दुव्यात उमा झाली आणि फाइल रमाच राहिली, तर ओ द्यायला कोणी नाही. तेव्हा टॅग वगळायचे. पण ‘कंस उघडल्यापासून मिटेपर्यंत काहीही’ असे सांगितले, की हे गडी त्या ओळीतल्या अगदी शेवटच्या कंसापर्यंत धावतात आणि मधली वाक्येही टॅगमध्ये जमा होतात. ‘मिटणारा कंस सोडून काहीही’ असे म्हटले, म्हणजे पहिल्याच कंसाशी थांबतात.

अखेर हे काम लॅरी वॉल यांच्या १९८७ सालच्या पर्लकडे सोपवले. मूळ फाइलींची प्रत बाजूला ठेवली आणि एक ओळ लिहिली : टॅग दिसला की जसाच्या तसा पुढे सरकव, बाहेर नाव सापडले आणि त्याला मागून दुसरे अक्षर चिकटलेले नसले, तरच बदल.

परमेश्वर वाचला. एक वाक्य मात्र मी हातासाठी राखून ठेवले होते : ‘रमेचे मन रमेना.’ त्यातला पहिला शब्द माणसाचा, शेवटचा मनाचा. अक्षरे पाहून हे कळायचे नाही. तेथे मी स्वतः लिहिले, ‘उमेचे मन रमेना.’

ती मुलगी हे पुस्तक कधी उघडील की नाही, कोण जाणे. उघडलेच, तर तिचे नाव तिला कुठे भेटणार नाही. मनाचे न रमणे तेवढे तसेच राहिले आहे.