फराळाची वेळ

सावंतवाडी,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. सौ. बायस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवाच्या टपालाने पावले. जावईबापूंच्या रक्तातील साखर तपासणीत मर्यादेबाहेर आढळली, डॉक्टरांनी पथ्याची सक्त ताकीद दिली, सबब यंदा घरात फराळाचा एकही जिन्नस करू नये असा तुझा विचार आहे आणि त्यावर तू माझा अभिप्राय मागितला आहेस. पथ्य सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा. परंतु ३४ वर्षे मामलेदार कचेरीत दफ्तर सांभाळलेल्या माणसास, तूट नेमकी कोठे आली हे पाहिल्याखेरीज सगळीच कलमे एका फटक्यात रद्द करणे मानवत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या लहानपणी या मुलखात दिवाळीचा मुख्य दिवस म्हणजे नरकचतुर्दशीची पहाट, आणि त्या पहाटेचे मुख्य अन्न म्हणजे पोहे. हळवे भात नुकतेच घरात आलेले असे. ते भिजवून, भाजून, उखळात कांडले म्हणजे जे तांबूस पोहे निघत, त्यांचा वास अजूनही आश्विन सरत आला की माझ्या मनात दरवळतो. अंगास तेल-उटणे लावून काळोखातच अभ्यंगस्नान व्हावे, तुळशीवृंदावनापाशी ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणत डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावे, त्याच्या कडू रसाचा थेंब जिभेस लावावा, आणि मग उजाडता उजाडता घरातील लहानथोरांनी एका ओळीत बसून दहीपोहे, गूळपोहे, फोडणीचे तिखट पोहे आणि काळ्या वाटाण्याची उसळ यांचा समाचार घ्यावा, अशी वहिवाट होती. लाडू आणि करंजी पानाच्या कडेस एकेकच असे, आणि एकेकच असल्यामुळे त्यांची गोडी दुपारपर्यंत जिभेवर राहत असे. फराळ हा शब्द फलाहारापासून आला; म्हणजे तो मुळातच हलका आणि स्वतःची वेळ असलेला आहार. त्या सकाळी पोह्यांनंतर न्याहारी नसे, कारण तीच न्याहारी होती.

आता जे बिघडले आहे ते येथेच बिघडले आहे, असे माझे ठाम मत आहे. फराळ जेवणाच्या जागी न राहता जेवणाच्या वर आला. दसरा होताच डबे भरतात, तुळशीच्या लग्नापर्यंत ते उघडेच राहतात, आणि जाता-येता, चहाबरोबर, दूरदर्शनसंचापुढे बसून हात त्यांत जात राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण दिवसाच्या आहारातून मिळणाऱ्या एकूण ऊर्जेच्या एकदशांशाहून कमी ठेवावे, आणि जमल्यास सुमारे २५ ग्रॅमपर्यंत आणावे असे सुचविले आहे. आपल्या घरचे मध्यम आकाराचे दोन बेसनलाडू खाल्ले की तेवढी साखर पोटात गेलीच, चहातील वेगळी. चरकसंहितेच्या विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नास, एक द्रवास आणि एक वात-पित्त-कफांच्या संचारास मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. तो मोकळा भागच आपण सणाच्या दिवसांत चिवड्याने भरून टाकतो.

म्हणून फराळ कर, पण थोडा कर. पाच जिन्नसांऐवजी दोन कर. गुळाचा लाडू निरुपद्रवी असतो असे तुला कोणी सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नकोस. मधुमेहाच्या बाबतीत गूळ हा साखरेचाच सख्खा भाऊ आहे, आणि ‘बिनसाखरेची’ म्हणून विकत मिळणारी मिठाई खवा-तुपाने तितकीच जड असू शकते. चकलीची भाजणी घरी भाजून घे, म्हणजे तिच्यात डाळींचा हात सढळ ठेवता येईल. तेल पुरेसे तापल्यावाचून चकली सोडू नकोस, कारण थंड तेलात ती तेल पिते. आणि कढईत उरलेले तेल पुनःपुन्हा तळणास वापरण्याची काटकसर कृपा करून करू नकोस. व्यापारी तळणासाठी तरी १ जुलै २०१८ पासून त्या तेलातील बिघडलेल्या द्रव्यांची मर्यादा २५ टक्के अशी कायद्याने ठरलेली आहे. घरच्या कढईवर निरीक्षक येत नाही, तेथे आपणच दक्ष असावे. जेवणानंतर जावईबापूंना बरोबर घेऊन पंधरा मिनिटे चालत जा. शतपावली सांगणाऱ्या आजीला साखरेचे गणित ठाऊक नव्हते, पण चालण्याने ती साखर स्नायूंत खर्च होते हे आता सर्वमान्य आहे.

एवढे लिहून मी थांबलो असतो. परंतु ज्या गोष्टीसाठी हे पत्र मी खरोखर हाती घेतले ती अजून लिहावयाचीच आहे.

तुझ्या मामीस मधुमेह होता हे तुला ठाऊक आहे. एका भाऊबीजेस तिने सकाळी नियमाने गोळी घेतली, आणि नंतर तिचे भाऊ, भावजया, पोरेबाळे अशी पंगतींवर पंगत उठत असता ती स्वतः दुपारचे अडीच वाजले तरी चुलीपुढून हलली नाही. चकलीचा तुकडासुद्धा तिच्या तोंडात गेला नव्हता. मी माजघरात पान खात बसलो होतो. भांडे पडल्याचा आवाज झाला म्हणून आत गेलो, तो ती भिंतीस टेकून बसलेली, सर्वांगास थंडगार घाम, हात थरथरत होते आणि मी कोण हेही तिला क्षणभर उमगेना. साखरेचे पाणी पाजल्यावर ती सावरली. डॉक्टर नंतर म्हणाले की साखर उतरविणारी काही औषधे पोटात गेली आणि अन्न गेले नाही, तर रोग्यास अधिक खाण्याने जेवढी भीती, तेवढीच न खाण्याने असते. त्या दिवशी घरात सात प्रकारचा फराळ होता, आणि ज्या हातांनी तो केला ते हात उपाशी होते. हे शल्य तिच्या पश्चातही माझ्या मनातून गेलेले नाही.

तेव्हा जावईबापूंची गोळी आणि जेवण यांच्या वेळा सणाच्या गडबडीत कसूर न करता सांभाळ, डॉक्टरांना विचारल्यावाचून औषधात फेरफार करू नकोस, आणि तुझ्या स्वतःच्या पानाचा बंदोबस्त प्रथम कर. तुझ्या पत्रात त्यांच्या पथ्याचा तपशील दोन पाने भरून आहे. तू केव्हा जेवतेस याची मात्र एक ओळ नाही.

मी वसुबारसेच्या रात्री एस.टी.ने निघून धनत्रयोदशीस सकाळी पुण्यास पोहोचेन. बरोबर दोन शेर तांबूस पोहे, काळे वाटाणे आणि कुंपणावरची चार कारिटे आणीत आहे. तुमच्या सज्जातील तुळशीपुढे ती फोडू. वाटाणे आदल्या रात्री मी भिजत घालीन, फोडणीही मीच देईन. चतुर्दशीस पहाटे सर्वांची पाने एकदमच मांडावयाची आणि तुझे पान वाढून झाल्यावाचून मी घास उचलणार नाही, हे आताच लिहून ठेवतो.

जावईबापूंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा मामा