कारण विचारायचं नाही

हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे असं सांगितलं की लोकांना काउंटर दिसतं, मागे गोळ्यांची कपाटं आणि समोर प्रिस्क्रिप्शन घेऊन उभी असलेली रांग. माझं काम त्या काउंटरवरचं नाही. मी किमोथेरपीची औषधं तयार करते. डॉक्टरांनी लिहिलेला डोस पेशंटच्या उंची-वजनावरून पुन्हा मोजायचा, व्हायलमधली पावडर विरघळवायची आणि मोजून तेवढंच औषध सलाईनच्या पिशवीत भरायचं. दिवसाला वीस-पंचवीस पिशव्या. याला आता चार वर्षं झाली.

हातात ग्लोव्ह्जचे दोन जोड, मागून बंद होणारा गाऊन, टोपी, मास्क, चष्मा, बुटांवर कव्हर. एकदा आईला फोटो पाठवला तर तिने विचारलं, "कोविड परत आला का गं?" मी म्हटलं, नाही, औषध बनवतेय. त्यावर ती गप्पच झाली. औषधापासून एवढं लपायचं कशाला, हे तिला कळेना. तिचा प्रश्न अगदी रास्त आहे.

आमच्याकडे रोज लागणारं एक औषध म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आणि लिम्फोमामध्ये ते वापरतात. दिसायला साधी पांढरी पावडर, पण तिचं घराणं युद्धातलं आहे. १९१७मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने मस्टर्ड गॅस सोडला. त्यात मेलेल्या सैनिकांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या दिसल्या. पुढे कुणालातरी उलटा विचार सुचला. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर असेल, तर हेच विष थोडंसं दिलं तर? १९४२मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांच्या गटाने मस्टर्ड गॅसचा भाऊबंद असलेलं रसायन लिम्फोमाच्या पेशंटला दिलं आणि गाठी विरघळायला लागल्या. सायक्लोफॉस्फामाइड हे त्याच घराण्यातलं, जर्मनीत १९५०च्या दशकात तयार झालेलं औषध.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. पेशीच्या डीएनएला ते अशा गाठी मारतं की पेशीला दोन भागांत विभागता येत नाही. कॅन्सरच्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून मार त्यांना जास्त बसतो. पण आपली पेशी कोणती आणि परकी कोणती हे औषधाला कळत नाही. म्हणून पेशंटचे केस जातात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था या औषधाला माणसात कॅन्सर निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. कॅन्सरवरच्या औषधाने कॅन्सर होऊ शकतो, हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापायची चूक वाटली होती.

पेशंटच्या बाबतीत हा सौदा आहे. धोका घ्यायचा, बदल्यात आयुष्य मिळण्याची शक्यता. तयार करणाऱ्याच्या बाबतीत तसं नाही. मला त्या औषधाचा एक कणही उपयोगाचा नाही. माझ्या अंगात जे जाईल तो निव्वळ तोटा.

हे लक्षात यायलाही वेळ लागला. १९७९मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी किमोची औषधं हाताळणाऱ्या नर्सेसची लघवी तपासली, तेव्हा तिच्यात जनुकांत बदल घडवण्याची क्षमता वाढलेली आढळली. यातल्या कुणालाही औषध दिलेलं नव्हतं. १९८५मध्ये तिथल्याच नर्सेसवरचा दुसरा अभ्यास आला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधं हाताळणं आणि गर्भपात यांचा संबंध त्यात दिसला. त्यानंतर हळूहळू कॅबिनेट आली, नियम आले.

औषध बाहेर पडतं कसं? स्फोट वगैरे काही होत नाही. व्हायलमध्ये हवेचा दाब वाढला आणि सुई बाहेर काढली की डोळ्याला न दिसणारा फवारा उडतो. म्हणून आत भरायच्या पाण्यापेक्षा किंचित जास्त हवा आधी ओढून घ्यायची, म्हणजे आतला दाब कमीच राहतो. सिरिंज काठोकाठ भरायची नाही. सुई घट्ट बसणारीच सिरिंज घ्यायची. कंपनीतून आलेल्या नव्या, सीलबंद व्हायलच्या बाहेरच्या काचेवरही औषधाचे अंश सापडतात, म्हणून खोका उघडतानाच ग्लोव्ह्ज हवेत. सांडलं तर नुसतं स्पिरिटने पुसून चालत नाही. स्पिरिटने जंतू मरतात, हे औषध मरत नाही, फक्त पसरतं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे समोरून हवा सोडणारं साधं लॅमिनार फ्लो. त्यातली हवा गाळलेली, स्वच्छ असते. पण ती औषधावरून वाहत थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. औषध सुरक्षित, माणूस उघडा. किमोसाठी वेगळं बायोसेफ्टी कॅबिनेट लागतं. त्यात हवा वरून खाली येते, कडेने आत ओढली जाते आणि गाळून शक्यतो इमारतीबाहेर सोडली जाते. आमच्याकडे असं कॅबिनेट आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते कौतुकाने दाखवलं जातं.

कॅबिनेटच्या काचेपलीकडची गोष्ट मात्र मला एका मावशींनी दाखवली.

मावशी डे-केअर वॉर्डात सफाई करतात, काँट्रॅक्टरकडून. एके दिवशी दुपारी डबा खाताना त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही एवढं चढवून जे औषध बनवता, ते पेशंटच्या अंगातून जातं कुठं?"

मी म्हटलं, "बरंचसं शरीरात मोडतं. काही लघवीवाटे बाहेर पडतं."

"आन् ती बाथरूम धुतं कोण?"

त्यांच्या हातात तेव्हा घरगुती भांडी घासायचे रबरी मोजे होते. एका मोज्याचं बोट फाटलेलं.

उत्तर मला पुस्तकातून माहीत होतं. किमोनंतर साधारण ४८ तास पेशंटची लघवी, शी, उलटी ग्लोव्ह्ज घालूनच हाताळायची. पण पुस्तकातला तो "हाताळणारा" कोण, याचा चेहरा तोवर माझ्यासमोर नव्हता. नियम फार्मसीत लावला होता, नर्सिंग स्टेशनवर लावला होता. बाथरूमच्या दारावर नव्हता. आणि लावला होता तो इंग्रजीत.

आम्ही अर्ज केला. सफाईच्या लोकांना किमोचे ग्लोव्ह्ज, गाऊन, चष्मा आणि मराठीतून ट्रेनिंग. उत्तर आलं की ते लोक काँट्रॅक्टरचे आहेत, साहित्य त्याने द्यायचं. काँट्रॅक्टर म्हणाला, साहित्य म्हणजे झाडू, फडकी, फिनेल. दोन महिने हा चेंडू इकडून तिकडे गेला. शेवटी इनचार्ज सिस्टरनी वॉर्डाच्या मागणीपत्रातच ग्लोव्ह्जचे जास्तीचे बॉक्स लिहायला सुरुवात केली. सही झाली. कुणी विचारलं नाही. गाऊन अजून मिळालेले नाहीत.

ग्लोव्ह्जचा प्रश्न निदान खोक्यांत मोजता येत होता. दुसरा येत नव्हता.

त्याच वॉर्डात मावशींची सूनही कामाला होती. तिला तिसरा महिना लागला होता आणि ती ते लपवत होती. आमच्याकडे नियम आहे की गरोदर असल्याचं कळवलं की किमोच्या कामातून बदली मिळते. कायम नोकरीतल्या बाईला बदली मिळते. रोजंदारीवरच्या बाईला सांगितलं जातं, "मग घरी आराम कर." आरामाचे पैसे नसतात.

हा नियम माझ्याही उपयोगाचा नाही, हे मला तेव्हा उमगलं. माझं वय एकोणतीस. नवरा आणि मी यंदा मूल हवं म्हणतोय. धोका सर्वांत जास्त पहिल्या आठवड्यांत, आणि त्या आठवड्यांत मला स्वतःलाच काही माहीत नसणार. माहीत झाल्यावर कळवायचं, म्हणजे उशिराच कळवायचं. त्याआधी कळवायचं तर "आम्ही प्रयत्न करतोय" हे साहेबांच्या टेबलापुढे उभं राहून सांगायचं. कोण सांगेल? पुरुषांना तर कुणी विचारतही नाही, खरंतर सायक्लोफॉस्फामाइडचा परिणाम शुक्राणूंवरही होतो.

म्हणून सिस्टर आणि मी मिळून एक साधी गोष्ट केली. ड्यूटीच्या वहीत एक रकाना वाढवला: किमोशिवाय. बाई असो की पुरुष, फार्मसिस्ट असो, नर्स असो की सफाई कामगार, ज्याला हवं त्याने तिथे नाव लिहायचं. त्याला दुसऱ्या वॉर्डाचं काम मिळेल, हजेरी तीच राहील. कारण विचारायचं नाही. सिस्टरनी सुपरवायझरला बोलावून एवढंच सांगितलं, "कामाला माणूस मला तेवढाच लागतो. कुठल्या वॉर्डात लावायचा ते मी बघते."

पहिल्या आठवड्यात रकाना रिकामा होता. मग एका ब्रदरने नाव लिहिलं, त्यामागोमाग मावशींच्या सुनेने. ती आता ऑर्थोपेडिकला असते. मागच्या महिन्यापासून माझंही नाव तिथे आहे. कुणी काही विचारलेलं नाही.

हे वाचताना तुमच्या घरात कुणाची किमो चालू असेल, तर घाबरू नका. पेशंटला जवळ घ्या, शेजारी बसून जेवा, हातात हात धरा, त्याने काही होत नाही. फक्त किमोनंतरचे दोन दिवस संडासचं झाकण लावून दोनदा फ्लश करा. फ्लश नसेल तर बादलीभर पाणी जास्त ओता. उलटीचे किंवा लघवीचे कपडे ग्लोव्ह्ज घालून उचला आणि वेगळे धुवा. मग ग्लोव्ह्ज काढून हात साबणाने धुवा. किमोच्या गोळ्या कुटू नका, अर्ध्या करू नका. गिळता येत नसतील तर डॉक्टरांना विचारा. घरात कुणी गरोदर असेल, तर ही कामं दुसऱ्या कुणीतरी करा.

आणि ती कामं तुमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या ताई करत असतील, तर त्यांना औषधाचं नाव सांगा. ग्लोव्ह्जचा बॉक्स तुम्ही आणा.