दार कोणी तोडावे?

माझा नातू कायद्याच्या कॉलेजात शिकतो. परवा वादविवाद स्पर्धेची तयारी करताना त्याने विचारले, "आजी, युनोची संमती नसताना एका देशाने दुसऱ्या देशात सैन्य घुसवले, तर ते कधी योग्य ठरू शकते का?" मी भाजी निवडत होते. चटकन म्हणाले, "कधीच नाही. उद्या जो उठेल तो शेजाऱ्याच्या घरात घुसेल." त्याने ते वहीत लिहून घेतले. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. कारण मी कंबोडिया पाहून आले आहे.

निवृत्तीनंतर विहारातल्या मंडळींबरोबर मी तिकडे सहलीला गेले होते. नॉम पेन्ह शहरात आम्हाला तुओल स्लेंगच्या एका जुन्या शाळेत नेले. मी जन्मभर शिक्षिका. शाळा म्हटली की फळा, घंटा आणि पोरांचा गलका. इथे वर्गावर्गांत विटांच्या कोठड्या, लोखंडी खाटा, बेड्या आणि भिंतीभर कैद्यांचे फोटो. हजारो माणसे आत गेली, जिवंत राहिली ती बोटांवर मोजण्याइतकी. त्या फोटोंत माझ्या तिसरीच्या वर्गात शोभतील अशीही मुले होती.

१७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या ख्मेर रूज संघटनेने ही राजधानी घेतली. इस्पितळातल्या रोग्यांसकट सारे शहर रिकामे करून लोकांना शेतावर राबायला हाकलले. पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद. भिक्खूंची चीवरे उतरवली. पावणेचार वर्षांत पाऊण कोटीच्या त्या देशात सुमारे १७ लाख माणसे उपासमारीने, रोगाने, अतिश्रमाने आणि हत्याकांडात मेली.

हे थांबवले कोणी? युनोने नव्हे. २५ डिसेंबर १९७८ रोजी व्हिएतनामचे सैन्य कोणाचीही परवानगी न घेता आत शिरले आणि ७ जानेवारी १९७९ रोजी राजधानी पडली. व्हिएतनाम काही करुणेपोटी गेला नव्हता. ख्मेर रूजने सरहद्द ओलांडून त्याची गावे जाळली होती. एप्रिल १९७८ मध्ये बा चुक गावात तीन हजारांवर माणसे मारली होती. आम्ही कंबोडियाच्या जनतेला वाचवायला आलो, हे मुख्य कारण म्हणून व्हिएतनामने स्वतःही पुढे केले नाही. त्याने सरहद्दीच्या संरक्षणाचे कारण दिले.

आणि जगाने काय केले? सप्टेंबर १९७९ मध्ये युनोच्या आमसभेत मतदान झाले. कंबोडियाची खुर्ची ७१ विरुद्ध ३५ मतांनी पोल पॉटच्याच प्रतिनिधीकडे ठेवली गेली!

हे वाचले तेव्हा मला आमची चाळ आठवली. गिरण्या चालू होत्या तेव्हाची गोष्ट. एक गृहस्थ रोज दारू पिऊन बायकोला मरेस्तोवर मारी. चाळ कमिटी म्हणे, घरगुती मामला आहे. एका रात्री शेजारच्या भाऊंनी दार तोडून तिला बाहेर काढले. भाऊंचे त्या गृहस्थाशी नळावरून जुने वैर होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी कमिटीची बैठक भरली. विषय काय? दार तोडल्याबद्दल भाऊंना दंड! ती बाई डोक्याला पट्टी बांधून कोपऱ्यात बसली होती. तिला कोणी काही विचारले नाही. वाचकहो, आज लाज वाटते, पण दंडाच्या बाजूने मीही हात वर केला होता.

नवरा पळाला. पुढे भाऊंनी तिच्या खोलीत आपले सामान ठेवले, ते वर्षभर हलवले नाही. ती मला म्हणाली, "बाई, भाऊंनी दार तोडलं म्हणून मी जगले. पण माझी खोली मला त्यांच्याकडून भांडून घ्यावी लागली."

कंबोडियाचेही तेच झाले. सप्टेंबर १९७९ मध्ये सात भिक्खूंना पुन्हा दीक्षा मिळाली, त्यासाठी भिक्खू व्हिएतनाममधून आले. पण व्हिएतनामच्या आधाराने बसलेल्या सरकारने पुढे कित्येक वर्षे पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना भिक्खू होण्यास मनाई केली. व्हिएतनामचे सैन्य सप्टेंबर १९८९ मध्ये बाहेर पडले. म्हणून तिथे आजही ७ जानेवारीला कोणी मुक्ती म्हणतो, तर कोणी आक्रमण.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अवघड भाग असा, की इच्छा असलेला प्रत्येकजण गरजेचेच नाव सांगतो. २००३ साली अमेरिका आणि ब्रिटन सुरक्षा परिषदेच्या मंजुरीवाचून इराकमध्ये घुसले. महासंहारक अस्त्रे हे कारण सांगितले. अस्त्रे सापडली नाहीत. देश मात्र उद्ध्वस्त झाला. म्हणून युनोचा नियम हवाच. तो दुबळ्या देशांच्या दाराची कडी आहे.

सकाळी मी नातवाला म्हटले, "कालचे उत्तर खोड. असे लिही : परवानगीशिवाय घुसणे हा गुन्हाच धरावा आणि घुसणाऱ्याने आपली बाजू सिद्ध करावी. आत माणसे खरोखर मरत होती का? दुसरा कोणी येणार होता का? आणि काम झाल्यावर तो निघाला का? पहिल्या दोन प्रश्नांना कंबोडियात व्हिएतनाम उतरतो, तिसऱ्याला नापास होतो. इराकमध्ये घुसणारे पहिल्यालाच अडखळतात, कारण ज्या धोक्याचे नाव घेऊन ते गेले तो तिथे नव्हताच."

तो म्हणाला, "आजी, पण न्यायाधीश कोण?"

मी म्हटले, "युनो असो की चाळ कमिटी, निवाडा करायला बसण्याआधी कोपऱ्यात पट्टी बांधून बसलेल्या बाईला विचारा. आम्ही विचारले नव्हते."