मी प्रोजेक्टर बंद केला

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी नववीच्या पोरांना ‘फँड्री’ हा पिक्चर दाखवला. परवानगी, स्पीकर, खिडक्यांना लावायच्या चादरी, सगळं मीच जमवलं होतं. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे आमच्याच सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यातला नायक जब्या झालेला सोमनाथ अवघडे केम गावचा, हलगी वाजवणारा पोरगा. आमच्या सांगोल्याच्या पोरांना हे ऊन, ही बोली वेगळी समजावून सांगावी लागणार नव्हती. २०१४ साली थेटरात मी तो दोनदा बघितला होता आणि दोन्ही वेळा वाटलं होतं, हा शाळाशाळांतून दाखवायला हवा.

पहिला तास पोरं रमली. मग जब्याच्या घरच्यांनी डुकरं धरायची शेवटची वीसेक मिनिटं आली. जब्या झुडपाआड लपतो, बाप त्याला मारत बाहेर ओढतो, अख्खं गाव तमाशा बघायला जमतं आणि त्या गर्दीत जब्याला आवडणारी शालूही हसत असते. पडद्यावरचं गाव हसलं, तशी माझी पोरंही हसली. थेटरातही लोक हसले होते, हे मला ठाऊक होतं. मंजुळेंच्याच ‘सैराट’च्या शेवटाला कुणी हसत नाही, रक्त बघून श्वास अडकतो. इथे मात्र एका माणसाची अब्रू जात असते, आणि बघणाऱ्याला ती गंमत वाटते.

तेवढ्यात पुढच्या एकाने मान वळवून मागे बघितलं. मग दुसऱ्याने. मग पाचसहा जणांनी. मागे भिंतीला टेकून जो पोरगा बसला होता, त्याच्या घरी डुकरं होती. वर्गात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि तरी पिक्चर निवडताना एकदाही तो माझ्या मनात आला नव्हता. हे मला आजही सहन होत नाही. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. त्याने मान खाली घातली नव्हती. तो सरळ पडद्याकडे बघत होता.

पडद्यावरच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, जब्याचं सगळं घर जागच्या जागी उभं राहतं आणि हाताशी आलेलं डुक्कर निघून जातं. वर्गात पुन्हा हशा पिकला. मी उठलो आणि प्रोजेक्टर बंद केला. “वेळ झाली, उरलेला नंतर बघू,” असं खोटंच सांगितलं. पोरगं वाचवलं असंच मला वाटत होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला ‘फँड्री’ म्हणून हाक मारलेली मी ऐकली. दोघांना धरून ऑफिसात नेलं, बोललो, पालकांना बोलावलं. नाव काही पुसलं गेलं नाही. वर्गाला डुकरासाठीचा कैकाडी भाषेतला हा शब्द मीच तर शिकवला होता.

चारपाच दिवसांनी कपाटाला कुलूप लावत होतो, तर तो दारात उभा.

“सर, मधीच का बंद केलं?”

मी म्हटलं, तुला त्रास झाला असता रे.

“मी बघितलाय की. चुलत्याच्या मोबाइलवर. त्यो शेवटाला दगड हाणतो, त्यो ह्यास्नी दावायचा हुता.”

शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट बघणाऱ्याच्या अंगावर येतो. बाबासाहेब, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रं असलेल्या शाळेच्या भिंतीसमोरून ते धरलेलं डुक्कर नेतात, तेही त्याआधी येतं. माझ्या वर्गाने यातलं काहीच बघितलं नाही. फक्त हसण्यापुरतं बघितलं. तेवढंच मी त्यांना दाखवलं, आणि तेही त्याच्यासमोर.

उरलेला दाखवायला मी धजलो नाही. ती बॅच दहावी होऊन गेली. शिक्षकांनी असले पिक्चर लावण्याआधी वर्गात कोण बसलंय ते बघावं, मुलांशी आधी दोन दिवस बोलावं, असं मी आता नव्या सरांना सांगतो. गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाने ‘फँड्री’ दाखवू का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो. रात्री जेवताना बायकोला मात्र सांगितलं, दाखवायला पाहिजे, शेवटापर्यंत. सकाळी शाळेत गेलो, पण त्या सरांना काही बोललो नाही.