जिन्याखालची बादली

रात्री दोनच्या सुमारास नातू रडला म्हणून मी उठले. त्याला थोपटून निजवले आणि पाणी प्यायला खाली स्वयंपाकघरात आले, तर कुठून तरी 'बुळुक, बुळुक' असा आवाज येत होता. नळ गळत असेल म्हणून पाहिले, तर नळ बंद. आवाज जिन्याखालच्या कपाटातून येत होता. दार उघडले. आत जुन्या चादरीत गुंडाळलेली एक मोठी पांढरी बादली होती. तिच्या झाकणात एक वाकडी नळी, नळीत थोडे पाणी, आणि त्या पाण्यातून एकामागून एक बुडबुडे निघत होते. वास नाकात शिरला आणि माझे पाय जागीच थिजले. आंबल्याचा तो वास मी आमच्या घरात कित्येक वर्षे सोसला होता.

ही गोष्ट इंग्लंडातल्या डर्बी शहरातली. मुलगा तिथे नोकरीला आहे. सून कामावर परत रुजू व्हायची होती, म्हणून सहा महिन्यांच्या नातवाला सांभाळायला मी गेले होते. जाताना मेतकूट, चटणी आणि बाळासाठी नाचणीचे सत्त्व बांधून नेले होते.

माझे थोरले दीर हातभट्टीच्या दारूपायी गेले. आधी विहिरीवरचे इंजिन गेले, मग जाऊबाईंच्या अंगावरचे किडूकमिडूक गेले, शेवटी माणूस गेला. पुढे आमच्या गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांचे मतदान झाले, तेव्हा जाऊबाई आणि मी दारोदार फिरलो. यादीतल्या निम्म्याहून अधिक बायकांनी 'आडव्या बाटली'ला मत द्यावे लागते. कोणी रानातून, कोणी तान्हे पोर काखेला मारून आली आणि बाटली आडवी झाली. आणि आता माझ्याच मुलाच्या जिन्याखाली ही बादली!

सकाळी चहाच्या वेळी मी सरळ विचारले, "कपाटात काय लपवलंयस?"

तो गोरामोरा झाला. "आई, बिअर आहे. घरी करतो. इथं कायद्यानं चालतं."

"कायद्याचं मी विचारत नाही. लपवलीस का?"

याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. पुढे दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतेच बोलले.

तिसऱ्या दिवशी त्याने बादलीचे झाकण काढले, थोडे चाखले आणि तोंड वाकडे केले. आंबट, शिरक्यासारखा भपकारा घरभर पसरला. सगळी बादली फेकावी लागणार होती. मी लांब उभी होते, पण जन्म गेला विरजणे लावण्यात, तोंडातून निघून गेलेच, "भांडं कुणी धुतलं होतं? तोटीत मागचं काही अडकलं असेल, बघ." तोटी खोलली, तर आत खरेच वाळलेला मळ निघाला. मुलगा हसला, मलाही हसू आले. अबोला तिथेच संपला.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. मुलाला हा नाद त्यांनीच लावला. संध्याकाळी ते आले आणि मुलाच्या मध्यस्थीने मला समजावत बसले. त्यांच्या देशात पूर्वी शेतकऱ्याच्या घरोघरी बिअर होई. शेतमजुरांना मजुरीचा भाग म्हणून बिअर नाहीतर सफरचंदाची सायडर देत. १८८७ साली कायदा करून मजुरीपोटी दारू द्यायला बंदी घालावी लागली. हे ऐकून मी मनात म्हटले, म्हणजे यांच्याही बायकांनी आमच्यासारखेच दिवस काढले असणार. १८८० पासून घरी बिअर करायला परवाना लागे. तो १९६३ साली रद्द झाला. आता घरच्यापुरती हवी तेवढी करा, विकायची मात्र नाही. आणि दारू गाळायची तर मुळीच नाही. बिअर नुसती आंबवलेली असते. दारू गाळणे म्हणजे ती उकळून वाफ धरणे. विनापरवाना गाळणे तिकडेही गुन्हाच आहे.

त्यांच्या बिअरला 'रिअल एल' म्हणतात, म्हणजे खरीखुरी एल. मोठ्या कारखान्यांनी गाळून, तापवून, यीस्ट मारून, वरून वायू भरलेली बिअर विकायला सुरुवात केली. त्याला कंटाळून चार तरुणांनी १९७१ साली एक चळवळ उभी केली. जी शेवटपर्यंत जिवंत राहते, ज्या पिंपातून किंवा बाटलीतून द्यायची त्यातच मुरते, ती खरी, असे त्यांचे म्हणणे. ताज्या ताकात आणि पिशवीतल्या ताकात जो फरक, तोच हा, एवढे मला कळले.

पुढच्या शनिवारी नवी बादली लागली. या वेळी मी समोर बसून होते. दुकानातून खोके येते, त्यात दीड-दीड किलोचे दोन डबे आणि यीस्टची पुडी. डबे आधी गरम पाण्यात ठेवायचे, म्हणजे आतला पाक सैल होतो. डबा उघडला तर आत थेट आपली काकवी! मी वास घेतला आणि चमकले. हा वास माझ्या पिशवीतला होता, नाचणीच्या सत्त्वाचा. मुलगा म्हणाला, "आई, तेच आहे. सातू भिजवायचे, मोड आणायचे आणि वाळवून भाजायचे. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. त्याचाच हा आटवलेला अर्क." नातवाच्या वाटीतले आणि या डब्यातले मूळ एकच निघाले. वाट तेवढी निराळी. अर्कात हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणाही असतो. ही वेल भांगेच्या कुळातली.

अर्क बादलीत ओतला, त्यावर उकळते पाणी घातले, ढवळले आणि गार पाण्याने तेवीस लिटरपर्यंत भरले. मग दूध डेअरीवर पाणी बघताना दुधात सोडतात तसली तरती काचनळी त्यात सोडली. आकडा आला १०४२. पाणी वीस अंशांवर आल्यावर यीस्ट भुरभुरले. रात्रीतून फेस चढला. यीस्ट साखर खाते, तिची दारू करते आणि वायू सोडते; तेच ते 'बुळुक'. दहाव्या दिवशी आकडा १०१० वर आला आणि दुसऱ्या दिवशीही तेवढाच राहिला. म्हणजे साखर संपली. हे न बघता घाईने बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. दोन आकड्यांतल्या फरकावरून दारूचे प्रमाण कळते. ते शंभरात चार भागांच्या आसपास निघाले.

बाटल्या तपकिरी काचेच्या, कारण उजेडाने वास बिघडतो. धुतल्या कुणी, तर मी! आडव्या बाटलीसाठी गावभर फिरलेली बाई इंग्लंडात बिअरच्या बाटल्या घासत बसली आहे, हे जाऊबाईंनी पाहिले असते तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे. प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर घालून बूच बसवले. तेवढ्या साखरेवर आतले यीस्ट पुन्हा जागे होते आणि बाटलीतच फेस धरते. काही दिवस उबेत, मग तीन आठवडे गारव्यात ठेवायचे. एकूण बेचाळीस बाटल्या झाल्या.

बूच लावता लावता मी विचारले, "तुला आबा आठवतात का रे?"

त्याचे हात थांबले. "आठवतात तर. ओट्यावर पडलेले असायचे. रात्री मीच घोंगडी घालायचो अंगावर. म्हणूनच तुझ्यापासून लपवलं. तुला त्रास होईल म्हणून."

"मला बादलीचं भय वाटलं नाही," मी म्हटले. "लपवण्याचं वाटलं. आबांची पहिली बाटली गव्हाणीत कडब्याखाली सापडली होती. तेव्हा ते अगदी थोडी घ्यायचे. पण लपवायला लागले आणि मग किती घेतात ते कुणालाच कळेना. पुढं पुढं त्यांचं त्यांनाही."

तो काही बोलला नाही. त्या रात्री बादली कपाटातून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आली. फळीजवळ भिंतीवर त्याने एक कागद लावला. बाटली उघडली की तारीख लिहायची; कुणाला दिली तर तेही लिहायचे. शनिवारी तो एक उघडी, शेजारच्या आजोबांबरोबर निम्मी निम्मी घेई. तळाचा गाळ हलू नये म्हणून हळूच ओती. मला म्हणाला, "वास तरी घे." घेतला. चव मात्र घेतली नाही, घेणारही नाही.

वाचक भगिनींनो, हे वाचून कुणी घरी बादली मांडू नये. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून बिअर करणेही गुन्हा आहे. आणि आपल्याकडची चोरटी दारू म्हणजे ही बिअर नव्हे. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती मिथेनॉलमुळे. यातून घ्यायचे असेल तर एवढेच घ्या, की घरात जे काही चालते ते मोजलेले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असावे.

निघायच्या आदल्या दिवशी मी फळीवरच्या बाटल्या मोजल्या. कागदाशी आकडा जुळला. मन पुरते निवले असे म्हणणार नाही. आईचे मन मोजमापाने निवत नाही.

घरी आल्यावर जाऊबाईंनी विचारले, "पितो का गं?"

"पितो. पण सांगून पितो."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग "बघत राहा" एवढेच म्हणाल्या.

मी बघत असते. दर रविवारी त्याचा फोन येतो. नातवाचे दात, सुनेची ड्यूटी, इकडचा पाऊसपाणी असे बोलून झाले की, मी न विचारताच तो सांगतो, "आई, फळीवर एकोणीस." ज्या रविवारी तो सांगायचा विसरेल, त्या रविवारी मी विचारीन.