माया

मराठीतला 'गळ' हा शब्द मोठा मिस्कील आहे. पाण्यात टाकला तर तो गळ, आणि त्यात मासा अडकतो. माणसाला घातली तर ती गळ, आणि तीत माणूस अडकतो. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मला उभ्या आयुष्यात अशी गळ एकदाच घातली. दहावीचा निकाल लागला होता. अण्णांच्या भाषेत मी 'मॅट्रिक' झालो होतो. त्या संध्याकाळी मशीनवरचे कापड बाजूला सारून ते म्हणाले, "आता बस हितं. माझी नजर हाय तवर शिकून घे."

मी बसलो नाही. मासा निसटला.

पुढे मी मास्तर झालो, आणि तोही हस्तकलेचा! बापाची कला नको म्हणणारा मी, दुसऱ्यांच्या पोरांना पुठ्ठ्याच्या पेट्या आणि आकाशकंदील करायला शिकवू लागलो. रात्री कादंबऱ्या लिहू लागलो. अण्णांनी त्यांतली एकही वाचली नाही. पहिली छापून आली तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि "शिलाई कच्ची हाय" एवढाच अभिप्राय दिला. सहा महिन्यांत तिची पाने सुटली. माझ्या टीकाकारांपैकी इतका अचूक दुसरा कोणी मला भेटलेला नाही.

आमचे गाव सिद्धेश्वर. औंढ्याच्या नागनाथाला जाणारे लोक आमच्या बाजूला कधी वळले, तर धरण पाहायला वळतात. दक्षिण पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरातून निघते, आधी येलदरीला अडते आणि मग आमच्याकडे. १९६८ साली पुरे झालेले हे मातीचे धरण. भिंत सहा किलोमीटरांहून लांब. त्या कामावरच्या माणसांचे खाकी सदरे शिवता शिवताच अण्णांचा हात बसला. शिंप्याचा धंदा त्यांना कधी हलका वाटला नाही. नामदेवांचे नरसी हिंगोली तालुक्यातच. तेव्हा कात्री आणि सुई म्हणजे थेट नामदेवांचा वारसा, असे ते मानीत.

शिंप्याच्या घरी दिवाळी सगळ्यांच्या नंतर येते. गावातली पोरे अभ्यंगस्नान करून नवे कपडे घालून हिंडत असायची आणि आम्ही भावंडे जुन्याच सदऱ्यांत मशीनभोवती घुटमळत असायचो. गिऱ्हाइकांचे शेवटचे कापड उरकल्यावर अण्णा आमचे बेतायला घेत. पाडव्याला ते अंगावर चढे. त्यात ते भरपूर माया ठेवीत. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड. पोर वाढले की शिवण उसवायची, माया सोडायची, सदरा आणखी एक वर्ष चालायचा. माझ्या सदऱ्यात इतकी माया असे, की बगलेत शिवणी टोचत आणि बाहेरून सदरा फुगलेला दिसे. पोरे हसत. मला त्या मायेची लाज वाटे.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना लकवा मारला. उजवा हात गेला. मशीनवर चादर पडली. वाचा शाबूत होती, पण बोलण्यासारखे काही उरले नाही, असे जणू त्यांनी ठरवून टाकले. मी शाळेतून येई, ते भिंतीकडे पाहत असत. मी विचारी, "अण्णा, जेवलात का?" ते मान हलवीत. एवढा आमचा दिवसाचा संवाद.

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटीला आला. तो स्कॉटलंडात नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी मी कालव्याकाठी गळ टाकून बसत असे, हे त्याच्या ध्यानात होते. म्हणून त्याने एक लाकडी पेटी आणली होती. तिकडे मासेमारीचा एक पंथ असा आहे की गळाला गांडूळ किंवा कणीक लावणे त्याला मंजूर नाही. गळाला पिसे, केस आणि दोरा बांधून पाण्यावर उतरणाऱ्या किड्याचा भास उभा करायचा, आणि माशाला त्या भासावर घ्यायचे. या वस्तूला ते 'माशी' म्हणतात.

पेटीत बोटभर उंचीचा एक वाइस होता. वर्कशॉपात असतो तसाच, पण इवलासा. त्यात गळ पकडायचा. दोऱ्याचे रीळ धरणारी तारेची पकड होती. तिच्या नळीतून दोरा बाहेर येतो. स्प्रिंगचा एक चिमटा पिसाचे टोक धरण्यासाठी, अणकुचीदार कात्री, सुई आणि मेणाचा गोळा. पिसेही होती, पण ती पहिल्या आठवड्यातच मी वाया घालवली. तेव्हा गावरान कोंबड्याच्या मानेची पिसे, रानात गळून पडलेले मोराचे पीस, शेळीचे केस आणि आईच्या जुन्या लुगड्याची जर, असा देशी माल जमवला.

ही कला फार जुनी आहे. मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधीत, असे एलियन या रोमन लेखकाने अठराशे वर्षांमागे लिहून ठेवले आहे. १४९६ साली इंग्रजीत छापलेल्या एका पुस्तकात बारा प्रकारच्या माश्यांची कृती दिलेली आहे. पंचपक्वान्नांची द्यावी तशी! पुढे या नादाने वेडाचे रूप घेतले. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना लाखेच्या थेंबासारखे चमकदार ठिपके असतात. सामन माशासाठी बांधायच्या माश्यांना ती पिसे हवीत, म्हणून या पाखराची कातडी विलायतेस जात. आता १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. पण हौस कायद्याला पुरून उरते. २००९ साली इंग्लंडात ट्रिंग येथील संग्रहालयातून एका संगीताच्या विद्यार्थ्याने पाखरांचे २९९ नमुने चोरले, ते माश्या बांधायच्या पिसांसाठी.

ही हकीकत मी जेवताना बायकोला सांगत होतो. भिंतीकडून आवाज आला, "पिसासाठी चोरी? आपल्या उकिरड्यावर बघ म्हणावं."

किती दिवसांनी अण्णा आपणहून बोलले होते! मी काही न दाखवता पेटी उचलली आणि त्यांच्या खाटेशेजारी दिव्याखाली मांडली.

कृती सांगायला सोपी आहे. गळ वाइसमध्ये आवळायचा. डोळ्याकडून वाकणाकडे दोऱ्याचे वेढे घालीत जायचे. तिथे चार केसांची शेपटी बांधायची. मोरपिसाची एक तार घेऊन तिचे अंग गुंडाळायचे. मग डोळ्याजवळ कोंबड्याचे पीस देठाने बांधून, चिमट्यात धरून, तीनचार वेढे द्यायचे. म्हणजे त्याचे तंतू चहूकडे उभे राहतात आणि किडा पायांवर पाण्यात टेकल्यासारखा वाटतो. शेवटी दोऱ्याचे डोके करून बंद करायचे. हुबेहूब किडा करायचाच नसतो. अंगाची चमक आणि पाण्यावर टेकलेले पाय, एवढे दोन इशारे माशाला पुरतात. बाकीचा किडा तो स्वतःच रचून घेतो. चारशे पाने लिहून वाचकाच्या बाबतीत जे मला साधले नाही, ते इथे चार वेढ्यांत साधायचे होते.

साधत नव्हते. माझ्या माश्या वळवाच्या पावसात भिजलेल्या कोंबडीसारख्या दिसत.

"माप घेतलंस का?" अण्णांनी विचारले.

"कशाचं माप?"

"आरं, पिसाचं! गळाला ढगळ होतंय त्ये."

मी विद्यार्थ्याने दिलेले पुस्तक उघडले. त्यात लिहिलेच होते: पिसाचा तंतू गळाच्या वाकणाच्या रुंदीच्या दीडपट असावा, फार तर दुप्पट. पुस्तक न वाचता अण्णांना ते चार हातांवरून दिसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरा मेणातून ओढायला लावला. तिसऱ्या दिवशी "दोरा ताणून धर, पर तुटू देऊ नको" असे बजावले. चौथ्या दिवशी मी पीस पार डोळ्यापर्यंत नेले आणि डोके बांधायला तिथे तसूभरही जागा उरली नाही. नवशिक्यांची ही नेहमीची चूक, असेही पुस्तकात होते. अण्णा वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"माया ठेवली न्हाईस."

मी वर पाहिले. ते गळाकडेच पाहत होते.

"पुढं काय करायचंय ते आधी ध्यानात धरून जागा राखायची. तीच माया. येरवी माणूस शेवटाला अडकतो."

मी कात्रीने सगळे उसवले आणि उठून माझी जागा त्यांना दिली. ते म्हणाले, "एका हातानं?" पण वाइस गळ धरून होता. तो एका हाताच्या माणसाचा दुसरा हात आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. रिळाची पकड सोडून दिली तरी ती लोंबत राहते आणि तिच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो. कोणी धरून बसावे लागत नाही. अमेरिकेत २००५ साली वॉल्टर रीड येथल्या सैनिकी रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी हेच काम सुरू केले, 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' या नावाने, हे मी नंतर वाचले. त्या रात्री एवढेच दिसले, की अण्णांचा डावा हात थरथरत पुढे झाला आणि दोऱ्याला लागताच थरथरायचा थांबला.

दीड तास लागला. शेवट बंद करायला पेटीत वाकड्या तारेचे एक यंत्र होते. अण्णांनी ते बाजूला सारले. गुंडीच्या देठाला दोरा गुंडाळून त्याचे टोक त्याच वेढ्यांखालून ओढून घेतात, तसे त्यांनी बोटांनीच केले. गाठ कुठे दिसेना. मुलीच्या नखरंगाचा बिनरंगी थेंब मी त्यावर सोडला.

ती माशी मला जपून ठेवायची होती. अण्णांनी हसण्यावारी नेले. "शिवलेलं पेटीत ठेवाया शिवत्यात व्हय?" मग भोयांच्या ओळखीच्या माणसाला विचारून एका रविवारी पहाटे त्यांना मोटरसायकलवरून काठाला नेले. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला होता. बांबूच्या काठीला दोरी बांधली. जपानातल्या डोंगरी ओढ्यांवर 'तेन्कारा' नावाच्या रीतीत अशीच बिनचाकाची काठी असते. विसेक वेळा माशी पाण्यावर टेकली आणि नुसतीच वाहिली. मग पाणी बारीकसे फुटले. बोटभर लांबीची एक चंदेरी मासोळी वर आली. मी तिला सोडवून पाण्यात दिली.

अण्णांचे मासोळीकडे लक्षच नव्हते. त्यांनी माशी हातात घेतली, ओल्या पिसावरून नख फिरवले, दोरा चाचपला.

"टाका बसलाय," ते म्हणाले.

परत येताना त्यांचा डावा हात माझ्या कमरेला होता. या दिवाळीला मी त्यांना गळ घातली आहे: मशीनवरची चादर काढू या, मला काज करायला शिकवा. तीस वर्षे उशीर झाला आहे, डोळ्यांवर चाळिशी आली आहे, हे मला ठाऊक आहे. पण बहुधा त्यांनी तेवढी माया तेव्हाच आत ठेवली असावी.

ते हो म्हणाले नाहीत. थोडा वेळ भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, "आधी मशीनला तेल दे."